खांदा आखडलाय, हात वर जात नाही: फ्रोजन शोल्डरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खांदा धरलेली माणसं आमच्याकडे फिजिओथेरपीला येतात ती बहुतेक उशिरा. दुसऱ्या हाताने काम उरकतंय तोवर घरातली बाई दवाखान्याचं नाव काढत नाही. मोंढ्यात पोती उचलणारा गडी मलम चोळून दिवस ढकलतो. तोवर चार-सहा महिने निघून गेलेले असतात. या आजारात कोणत्या महिन्यात काय करायचं, याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. जो व्यायाम आठव्या महिन्यात हात मोकळा करतो, तोच दुसऱ्या महिन्यात जोर लावून केला तर रात्रीची झोप उडवतो. खालची उत्तरं वाचताना आपलं दुखणं कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवा; टप्पे ‘किती दिवसांत बरं वाटेल?’ या प्रश्नात सांगितले आहेत.

फ्रोजन शोल्डर म्हणजे खांद्यात नेमकं होतं तरी काय?

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. काखेच्या बाजूला या आवरणाला घडी असते. ती उलगडते म्हणून आपला हात डोक्यावर जातो. फ्रोजन शोल्डरमध्ये आवरणाला आधी आतून सूज येते, मग ते जाड होतं, आखडतं आणि ती घडी चिकटून बसते. झंपर धुऊन आटलं की काखेत धरतं आणि हात उचलू देत नाही, तसाच हा प्रकार. सांध्यात एरवी २० ते ३० मिलिलिटर पाणी मावेल एवढी जागा असते, ती १० मिलिलिटरपेक्षाही कमी उरते.

हाड झिजलेलं नसतं, मणक्याची गादी सरकलेली नसते, नस दबलेली नसते. अमेरिकन सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये या दुखण्याला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हटलं. दोष आवरणात आहे हे १९४५ मध्ये ज्युलियस नेव्हियासर यांनी दाखवून दिलं. तेव्हापासून फाइलवर ‘ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’ असंही लिहिलेलं दिसतं. दोन्ही एकच.

मला काही लागलं नाही, पडले नाही. मग हे आलं कुठून?

बहुतेकांना काहीच लागलेलं नसतं. चाळिशी ते साठी हे याचं वय, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. कुणी सांगतं, एसटीत चढताना झटका बसला. कुणी सांगतं, हापशावर पाणी भरताना कळ आली. खरं तर दुखणं आत सुरू झालेलं असतं, त्या झटक्याने ते लक्षात येतं एवढंच.

काही वेळा कारण सापडतं. हात मोडून प्लास्टर घातलं आणि खांदा महिनाभर हललाच नाही, लकवा मारला, छातीचं किंवा स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि भीतीने हात अंगाला चिकटवून ठेवला. अशा माणसांना पहिल्याच आठवड्यात कुणी हात हलवायला शिकवलं असतं तर पुढचा बराच त्रास वाचला असता. थायरॉइडच्या रुग्णांतही हे दुखणं जास्त दिसतं. आणि सगळ्यात मोठं कारण मधुमेह, त्यासाठी वेगळा प्रश्नच हवा.

डॉक्टरांनी खांदा बघायच्या आधी शुगर तपासायला सांगितली. खांद्याचा आणि शुगरचा काय संबंध?

फार जवळचा. सर्वसाधारण लोकांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना आयुष्यात कधीतरी फ्रोजन शोल्डर होतो. मधुमेहींत हे प्रमाण शंभरात दहा ते वीस, कधी त्याहूनही जास्त. रक्तातली जादा साखर अंगातल्या कोलॅजन नावाच्या तंतूंना चिकटते आणि ते तंतू कडक होतात. खांद्याचं आवरण याच तंतूंचं बनलेलं असतं.

तळहातावरही हे दिसतं. दोन्ही हात जोडून नमस्कार करा. तळवे आणि बोटं पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर बोटांचे सांधेही आखडायला लागलेत. जुन्या मधुमेहात असं होतं. खांदा तपासताना मी हा नमस्कार करायला लावतेच.

आपल्या भागात कितीतरी जणांना आपली शुगर वाढलेली आहे हे खांद्याच्या निमित्तानेच कळतं. ‘मी गोड खातच नाही, मला कशी असेल’ असं म्हणून तपासणी टाळू नका. उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी अशा दोन्ही तपासण्या करा. एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. सोबत थायरॉइडची टीएसएच करून घ्या. शुगर ताब्यात नसेल तर खांदा जास्त दिवस घेतो, दोन्ही खांदे धरायची शक्यता वाढते आणि इंजेक्शन द्यायलाही अडचण येते. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या नियमित घेणं हा खांद्याच्या उपचाराचाच भाग समजा.

माझा खांदा दुखतो, पण तो फ्रोजन शोल्डरच आहे हे कसं ओळखायचं?

घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. आरशासमोर बसा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, काटकोनात वाकवा, अंगठे वर. आता कोपरं न हलवता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात बराच बाहेर जाईल. फ्रोजन शोल्डर असेल तर दुसरा थोडासाच जाऊन थांबतो. बाहेर वळण्याची ही हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते.

पण तेवढ्यावर निदान होत नाही. दवाखान्यात आम्ही तोच हात आपल्या हाताने बाहेर वळवून बघतो. दुसऱ्या कुणी वळवला तरी तो तिथेच अडतो, हे या आजाराचं खरं लक्षण. खांद्याचा स्नायू फाटलेला असेल तर रुग्णाला स्वतःहून हात उचलता येत नाही, पण आम्ही उचलून दिला की जातो. इथे कुणीच उचलला तरी जात नाही.

हात वर करून बघताना फसगत होते. ‘बघा की, खांद्याएवढा येतोय’ असं रुग्ण म्हणतात. पण खांदा कानाकडे उचलला जातो आणि पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, वर सरकतं, म्हणून तो हात वर आल्यासारखा वाटतो. फावडं तळहाताने दाबून धरलं की सांधा खरा किती हलतो ते कळतं. ते न धरता मोजलेल्या मापावर विश्वास ठेवू नये.

घरातल्यांनी लक्ष ठेवावं अशा खुणा वेगळ्या. अंबाडा घालताना हात डोक्याकडे जात नाही म्हणून बाई डोकं हाताकडे वाकवते. पाठीमागचे हूक लागत नाहीत, म्हणून लेकीला हाक मारते. पुरुषाला मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, शर्टाच्या बाहीत हात घालताना तोंड वाकडं होतं. आणि रात्री त्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग येते.

एक्स-रे नॉर्मल आला, मग एमआरआय करायला हवा का?

फ्रोजन शोल्डरमध्ये एक्स-रे नॉर्मलच येतो. तो काढायचा असतो बाकीची दुखणी बाजूला करायला: सांध्याची झीज, स्नायूत साचलेला चुना, जुना निखळलेला सांधा, हाडातली गाठ. खांद्याचा क्षयही कधी कधी हळूहळू हात आखडवत येतो आणि तिथे व्यायामाने नुकसान होतं. म्हणून एक एक्स-रे काढल्याशिवाय हात ताणायला सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एमआरआय मात्र बहुतेकांना लागत नाही. स्नायू फाटल्याची शंका असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल किंवा चित्र नेहमीसारखं नसेल तरच. हातात मोजके पैसे असतील तर ते एमआरआयपेक्षा शुगरच्या तपासणीवर आणि औषधावर खर्च करा.

हे मानेचं तर नाही ना? की हृदयाचं?

मानेची नस दबली असेल तर दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरतं, मुंग्या येतात, मान वळवली की वाढतं, आणि खांदा मात्र सगळीकडे फिरतो. फ्रोजन शोल्डरचं दुखणं दंडाच्या बाहेरच्या बाजूला असतं, फार तर कोपरापर्यंत जातं. पन्नाशीत मानेच्या एक्स-रेत थोडी झीज बहुतेकांना दिसतेच. तेवढ्यावरून मानेला पट्टा लावून खांद्याकडे दुर्लक्ष झालेले रुग्ण मी पुष्कळ बघते.

डावा खांदा किंवा हात अचानक दुखायला लागला, सोबत छातीत दाटून आलं, घाम फुटला, दम लागला किंवा जबडा दुखायला लागला, तर खांद्याचा विचारही करू नका. लगेच १०८ ला फोन करा. मधुमेहींत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, त्यांनी तर जास्तच जपावं. खांदा लाल, गरम होऊन ताप आला, वजन उतरत चाललं, हातातली ताकद गेली किंवा पडल्यापासून हात उचलताच येत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

किती दिवसांत बरं वाटेल?

दिवसांत नाही, महिन्यांत बोलावं लागतं, आणि हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं.

पहिला टप्पा दुखण्याचा. साधारण दोन ते नऊ महिने. दुखणं वाढत जातं, रात्री जास्त, आणि हालचाल हळूहळू कमी होते. दुसरा टप्पा आखडलेपणाचा, चार ते बारा महिने. यात दुखणं उतरतं, रात्रीची झोप लागते, पण हात जागचा हलत नाही. तिसऱ्या टप्प्यात खांदा सुटायला लागतो, त्याला पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागू शकतात. सगळं धरून एक ते तीन वर्षं. टप्पे एकमेकांत मिसळतात, कॅलेंडर बघून बदलत नाहीत.

आपला टप्पा ओळखायला दोन प्रश्न पुरतात: रात्री दुखण्याने जाग येते का, आणि हात मधल्या पट्ट्यात हलवतानाही दुखतं की फक्त शेवटच्या टोकाला? रात्री जाग येत असेल आणि कुठेही हलवला तरी दुखत असेल तर पहिला टप्पा. फक्त टोकाला ताण बसत असेल तर दुसरा किंवा तिसरा.

आपोआप बरा होतो म्हणतात. मग उपचार कशाला?

बराचसा आपोआप सुटतो, हे खरं. पण सगळ्यांचा पूर्ण सुटत नाही. काहींना कित्येक वर्षांनीही थोडं दुखणं, थोडा आखडलेपणा राहतो, आणि मधुमेहींत हे जास्त. शिवाय ज्या घरात दोन हातांच्या मजुरीवर चूल पेटते, तिथे दोन वर्षं वाट बघ म्हणणं सोपं नाही. उपचाराने दुखण्याचे महिने सुसह्य होतात, झोप मिळते, हाताची हालचाल टिकते.

कोणती गोळी घेऊ?

सुरुवातीला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या सूज कमी करतात, पण महिनोन्‌महिने मेडिकलमधून स्वतःहून आणून खायच्या नाहीत. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा त्रास किंवा पोटात अल्सर असेल तर त्या घातक ठरू शकतात. उन्हाळ्यात शेतात राबून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्यांचा किडनीवर आणखी भार येतो.

कॅल्शियम आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्यांनी आखडलेलं आवरण सुटत नाही. कमतरता असेल तर घ्या, खांद्यासाठी नको.

खांद्यात इंजेक्शन घ्यायला भीती वाटते. स्टेरॉइड असतं ना त्यात?

हो, स्टेरॉइडच असतं, बहुतेक ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, साधारण ४० मिलिग्रॅम. रोज गोळीतून महिनोन्‌महिने स्टेरॉइड खाणं आणि सांध्यात एकदा सुई घेणं यात फार अंतर आहे. हाडं ठिसूळ होणं, तोंड सुजणं हे त्रास रोजच्या गोळ्यांचे. सांध्यातल्या एका इंजेक्शनाने तसं होत नाही.

याचा खरा उपयोग पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात. तेव्हा आवरणाला सूज असते आणि स्टेरॉइड सूज उतरवतं. पुढचे काही आठवडे दुखणं बरंच कमी होतं आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम करून हालचाल राखता येते. इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर निम्मा फायदा वाया जातो. सहा-आठ महिने उलटून दुखणं गेलेलं आणि फक्त आखडलेपणा उरलेला असेल, तर या सुईने फारसं काही होत नाही. उशिरा येणाऱ्यांबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते यामुळे.

मधुमेहींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंजेक्शननंतर काही दिवस, कधी आठवडाभर, शुगर वाढते. इन्सुलिन घेणाऱ्यांची जास्त. त्या दिवसांत रोज शुगर तपासा, खूप वाढली तर आपल्या डॉक्टरांना कळवा. शुगर आधीच फार वाढलेली असेल तर ती उतरवून मगच इंजेक्शन. सुई निर्जंतुक वातावरणात, खांद्याची माहिती असलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. सोनोग्राफीत बघून दिली तर अचूक जागी जाते. एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा घेत राहायची नसते.

काही ठिकाणी स्टेरॉइडसोबत सलाइनचं पाणी जोराने भरून आवरण ताणतात. त्याला हायड्रोडायलेटेशन म्हणतात. ऑपरेशनआधी हा पर्याय विचारून बघण्यासारखा आहे.

घरी कोणते व्यायाम करू आणि किती?

आधी मोजमाप समजून घ्या. व्यायाम करताना ताण बसणारच, थोडं दुखणारही. ते अर्ध्या तासात उतरलं तर प्रमाण बरोबर. संध्याकाळपर्यंत ठणकलं किंवा रात्री झोप मोडली तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करा. ‘दुखल्याशिवाय सुटत नाही’ असं सांगणारे घरोघरी आहेत. पहिल्या टप्प्यात त्यांचं ऐकू नका.

पहिल्या टप्प्यात एवढंच करा. चांगला हात ओट्यावर किंवा कॉटवर टेकवून कमरेत वाका, दुखरा हात खाली लोंबू द्या आणि अंग हळू झुलवा. हात आपला आपण हलला पाहिजे, तुम्ही हलवायचा नाही. मिनिट-दोन मिनिटं, दिवसातून तीन वेळा. मग उताणं झोपून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचं मनगट धरा आणि जमेल तेवढा डोक्याच्या दिशेने न्या, सावकाश परत आणा. आठ-दहा वेळा.

रात्रीचं दुखणं उतरलं की ताण द्यायला सुरुवात. सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम काठीचा. हात-दीड हात लांबीची काठी घ्या, तूर-कापसाची वाळलेली पळाटी चालणार नाही, ती मोडते. झाडूचा दांडा चालतो. उताणं झोपा. दुखऱ्या बाजूच्या कोपराखाली टॉवेलची छोटी घडी ठेवा, कोपर अंगाला चिकटलेलं, काटकोनात वाकवलेलं. काठीचं एक टोक दुखऱ्या मुठीत, दुसरं चांगल्या मुठीत. आता चांगल्या हाताने काठी ढकलत दुखरा हात बाहेर वळवा. कोपर अंगापासून सुटलं की व्यायाम फुकट गेला. ताण जाणवेल तिथे वीस-तीस सेकंद थांबा, श्वास रोखू नका, सावकाश परत या. पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. वेळ नसेल तर बाकी सगळं सोडा, हा एक सोडू नका. बाहेर वळायला लागल्याशिवाय हात नीट वर जात नाही.

त्यानंतर भिंतीवर बोटांनी चढायचं. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीच्या चालीने वर न्या, पोचाल तिथे पेन्सिलीने खूण करा. दर आठवड्याला खूण बघितली की हुरूप येतो. खांदा कानाकडे उचलून खोटी उंची गाठू नका. दुखरा हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे ओढण्याचा ताणही याच टप्प्यातला. पाठीमागे टॉवेल धरून हात वर ओढायचा व्यायाम सगळ्यात शेवटी, तिसऱ्या टप्प्यात. लोक नेमकी त्यापासून सुरुवात करतात आणि खांदा पुन्हा चिडतो.

व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या. मधुमेहामुळे कातडी बधिर असेल तर पिशवीचा चटका कळत नाही, म्हणून मध्ये टॉवेल ठेवा आणि घरच्या कुणाला आधी हात लावून बघायला सांगा.

आमचं गाव आडवळणाला आहे. रोज मशीनच्या शेकाला येणं जमत नाही.

रोज यायची गरजच नाही. मशीनचा शेक थोडा वेळ दुखणं हलकं करतो, आखडलेलं आवरण त्याने सुटत नाही. एका मजुरीचा खाडा आणि जाण्या-येण्याचं भाडं घालून दहा मिनिटांचा शेक घेण्यापेक्षा, एकदा येऊन व्यायाम नीट शिकून घ्या, मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून न्या आणि दोन-तीन आठवड्यांनी दाखवायला या. हात हलतो तो घरी रोज केलेल्या व्यायामाने.

मालिश, बिब्बा, हाडवैद्य, वाताच्या पुड्या यांचं काय?

कोमट तेलाने हलकी मालिश करायला हरकत नाही, बरं वाटतं. आयुर्वेदात अपबाहुक म्हणून या दुखण्याचं वर्णन आहे. शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडून उपचार घ्यायचे तर घ्या, फक्त शुगर तपासून घ्या आणि चालू गोळ्या बंद करू नका.

बिब्ब्याचा चटका आणि डागणं मात्र अजिबात नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. मधुमेह असेल तर ती जखम चिघळते आणि खांदा राहतो बाजूला. खांदा ‘बसवतो’ म्हणून हाताला झटका देणाऱ्यांकडेही जाऊ नका. खांदा निखळलेलाच नाही, तर बसवायचं काय? झटक्याने आवरण फाटतं, कधी हाड मोडतं, विशेषतः वयस्कर बाईचं.

कागदात बांधून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत बरं वाटलं तर जास्त सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं अनेकदा आढळलेलं आहे. शुगर, रक्तदाब दोन्ही भडकतात.

झोपायचं कसं? घरातली कामं करू की नको?

उताणं झोपून दुखऱ्या दंडाखाली उशी किंवा गोधडीची घडी ठेवा, म्हणजे कोपर मागे लोंबत नाही. कुशीवर झोपायचं तर चांगल्या कुशीवर, पोटाशी उशी घेऊन त्यावर दुखरा हात.

कामं करा. भाकरी थापणं, भाजी निवडणं, भांडी घासणं ही खांद्याच्या खालची कामं हात हलता ठेवतात. वर टांगलेल्या दोरीवर ओली साडी टाकणं, माळ्यावरचा डबा काढणं, कपडे आपटून धुणं, पाठीवरचा फवारणीचा पंप मारणं, मोटरसायकल चालवणं हे दुखऱ्या टप्प्यात टाळा. रोजचे डबे खालच्या फळीवर आणा, ब्लाउजचे हूक पुढे लावून घ्या. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. गळ्यातली झोळी फक्त डॉक्टरांनी सांगितली तरच, नाहीतर हात अजून आखडतो.

घरच्यांसाठी एक विनंती. बाहेरून काही दिसत नाही म्हणून ‘नाटक करते’ असं म्हणू नका. या आजाराचं रात्रीचं दुखणं फार वाईट असतं.

दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचंय. उचल घेतलेली आहे. जमेल का?

बीड, धाराशिव, जालन्याकडून हा प्रश्न दरवर्षी येतो आणि याचं सोपं उत्तर नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाचा खांदा धरला की दोघांची मजुरी अडते. दुखऱ्या टप्प्यात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं शक्य होत नाही आणि हात सटकला तर पडण्याचा धोकाही आहे. निघायच्या महिना-दीड महिना आधी या. गरज असेल तर इंजेक्शन, शुगरची गोळी आणि लोलकासारखा झुलवायचा व्यायाम एवढं तेवढ्या वेळात मार्गी लागू शकतं. तळावर मोळी बांधणं, वाढं गोळा करणं ही कामं दुखऱ्याने घ्यावीत, मोळी वाहणं दुसऱ्याने. शुगरची औषधं हंगामभर पुरतील एवढी सोबत न्या आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवता यावी म्हणून फाइलही. दुसऱ्या टप्प्यात असाल तर काम जमतं, पण काठीचा व्यायाम तळावरही चालू हवा.

भूल देऊन खांदा मोकळा करतात, ऑपरेशन करतात. ते करू का?

सहा महिने नीट उपचार करूनही हात अडूनच असेल आणि काम थांबलं असेल तरच विचार करा. एका पद्धतीत पूर्ण भूल देऊन हात सगळ्या बाजूंनी वळवून आखडलेलं आवरण सोडवतात. ठिसूळ हाड असेल तर ते मोडण्याचा धोका असतो. दुसऱ्या पद्धतीत दुर्बिणीतून आवरण कापून सैल करतात. ही जास्त नेमकी पद्धत आहे, खर्च जास्त.

ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यात भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीचं ऑपरेशन आणि इंजेक्शनसोबत पद्धतशीर फिजिओथेरपी अशा तिन्हींची तुलना केली. वर्षानंतर यातला कोणताही एक उपचार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणून दुसऱ्याच भेटीत कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर आणखी एका डॉक्टरांचं मत घ्या. आणि ऑपरेशन केलंच तर दुसऱ्या दिवसापासून व्यायाम लागतो. तो केला नाही तर खांदा पुन्हा चिकटतो.

सरकारी दवाखान्यात यातलं काय होतं?

शुगर आणि रक्तदाब तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एक्स-रे, इंजेक्शन किंवा ऑपरेशनच्या सल्ल्यासाठी अस्थिरोग विभागात जावं लागेल. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था इथे हे विभाग आहेत. महाविद्यालयांच्या रुग्णालयांत थोडे पैसे लागू शकतात. जुने एक्स-रे आणि शुगरचे रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या, आणि अस्थिरोगाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून निघा.

एकदा बरा झाला की पुन्हा होतो का? दुसरा खांदाही धरेल का?

त्याच खांद्याला पुन्हा होणं दुर्मिळ. दुसऱ्या खांद्याला मात्र काहींना पुढच्या काही वर्षांत होतो, मधुमेहींना जास्त. त्यामुळे दुसऱ्या बाजूला दंड दुखायला लागला, रात्री जाग यायला लागली आणि कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर उघडताना तो आधी थांबायला लागला, तर या वेळी सहा महिने थांबू नका. त्याच आठवड्यात शुगर तपासून या. तेव्हा सूज ताजी असते आणि इंजेक्शनाचा उपयोग होतो.